उगवतीला कोण?

जमीन हलत नाही, असं सगळे म्हणतात. सोनं चोरीला जातं, जनावर दगावतं, पण जमीन जिथली तिथं राहते, म्हणून माणसं जमिनीत जीव अडकवतात. शिरूरच्या कचेरीबाहेर बसून मी उभा जन्म जमिनींचे कागद लिहिले, आणि मला विचाराल तर जमीन हलते. माती जागेवर असते, बांध जागेवर असतो, झाडं जागेवर असतात. तरी एखाद्या सकाळी नांगर धरणाऱ्याला कोणीतरी येऊन सांगतं की तू दुसऱ्याच्या रानात उभा आहेस. हे कसं होतं, याचं मला या धंद्यात पडल्यापासून कुतूहल. एक जमीन तर माझ्याच हातून हलली. ती कशी हलली आणि पुन्हा जागेवर कशी आली, ते हातात लेखणी धरवते आहे तोवर लिहून ठेवतो.

आधी धंद्याविषयी. सरकारी भाषेत मी दस्तलेखक. लोकांच्या तोंडी नुसता ‘रायटर’. जमीन विकायचं बोलणं बांधावर होतं, नाहीतर चहाच्या टपरीवर. ते जमलं की माणसं सातबाराचा उतारा घेऊन आमच्याकडे येतात. उतारा म्हणजे कुठल्या गटनंबराला कोणाचं नाव लागलं आहे ते सांगणारा कागद. त्यावरून आम्ही खरेदीखत लिहितो. मग मुद्रांक भरायचा, ओळख पटवणारे साक्षीदार उभे करायचे, निबंधकांसमोर फोटो आणि अंगठे द्यायचे. पुढे तलाठ्याकडे फेरफार होतो आणि उताऱ्यावर नवं नाव चढतं. या सगळ्यात माझं काम मधलं. लोकांच्या तोंडात जे आहे, ते कागदाच्या भाषेत आणायचं. आधी ते शाईनं केलं, मग टाइपरायटरवर, आणि शेवटी शेजारच्या संगणकवाल्याला सांगून सांगून.

खरेदीखतात मला सगळ्यात आवडायची ती चतुःसीमा. म्हणजे जमिनीच्या चार बाजूंना कोण कोण आहे ते. गटनंबर सरकारसाठी असतो. गावात जमीन ओळखली जाते ती शेजाऱ्यांवरून. पण बाकावर बसलेल्या माणसाला चतुःसीमा विचारली की तो गडबडतो. पूर्व, पश्चिम हे शब्द कानावर पडताच शाळेत उभं केल्यासारखा चेहरा होतो. म्हणून मी एक रीत पाडली होती. त्याला उठवायचो. ऊन बघून त्याचं तोंड पूर्वेकडे करायचो आणि म्हणायचो, “आता तुम्ही कचेरीत नाही. तुमच्या रानात मधोमध उभे आहात. उगवतीला कोण?”

मग जे व्हायचं ते बघण्यासारखं असायचं. माणूस डोळे बारीक करायचा आणि समोरची मोटारसायकलींची रांग त्याला दिसेनाशी व्हायची. “उगवतीला चुलत्याचं रान, मधी बांधावर दोन बाभळी, एक वठल्याली.” एकजण उत्तरेकडे वळताना पाय उचलून टाकायला लागला. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, “हितं पाट हाय न्हवं. पाय भिजतोय.” एकानं सगळं रान विकलं, पण कोपऱ्यातला बिरोबाचा दगड आणि तिथवर जायची पायवाट राखून ठेवली. मी विचारलं, वाट किती रुंद लिहू? तो म्हणाला, “म्या आन् शेळी जाईल एवढी.” कारेगावात प्लॉट घेणारा एक परप्रांतीय कामगार मात्र उभा राहिला आणि माझ्याकडेच बघायला लागला. म्हणाला, “चाचा, सूरज इधर किधर से निकलता है? मेरी तो नाइट शिफ्ट है.” त्याच्या चतुःसीमेत चारही बाजूंना प्लॉटच होते, त्यामुळे काही अडलं नाही.

या रीतीतून मला एक गोष्ट कळली. प्रत्येक रानाला नाव असतं. चिंचेचं, खोलाटीचं, म्हातारीचं, भांडणाचं. घरात कोणी गटनंबर बोलत नाही. “भांडणाच्या रानात पाणी सुटलंय, बघून ये,” असंच म्हणतात. खरेदीखतात या नावाला जागा नसते. तरी मी विचारायचोच.

आता ती जमीन.

कवठे येमाईचे दामू आबा एकदा दौंडच्या एका रेल्वे गार्डाला घेऊन आले. आबा मोठ्या भावकीतले, फेटा बांधणारे, शब्दाला पक्के. मुलांच्या हट्टापायी ओढ्याजवळचा माळ विकायला निघाले होते. घेणारे गार्डसाहेब निवृत्तीला आलेले. वडिलांचं दौंड तालुक्यात थोडं रान होतं, म्हणून शेतकरी असल्याचा दाखला हातात होता. त्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दौंडकडची माणसं पाण्याखालची, उसाची जमीन सोडून इकडं खडकाळ माळ घ्यायला का यावीत?

मी विचारलंच. ते हसले. “आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहिलो. सगळी गाडी नजरेत ठेवायची सवय. आमच्याकडं नुसता ऊस. उसात उभं राहिलं की दहा हातांपुढचं दिसत नाही. या माळावरून येमाईचं देऊळ दिसतं, ओढा दिसतो, येणारा-जाणारा दिसतो. शिवाय इतकी वर्षं हलत्या डब्यात काढली. आता न हलणारं काहीतरी पाहिजे, रायटर.”

मी दामू आबांना उठवलं. उगवतीला तोंड केलं.

“समोर कोण?”

“राघूचं जांभळीचं.”

राघू म्हणजे त्यांच्या बांधाला बांध असलेला धनगर. त्याचे आजे-पणजे मेंढरामागं फिरले. बापानं गावात ठाव धरला आणि राघूनं त्या जांभळीच्या रानात स्वतः विहीर खोदून बागायत केली. त्याला मी ओळखत होतो. कांद्याचा ट्रॅक्टर बाजार समितीत लावून तो माझ्या टेबलाजवळ चहाला थांबायचा.

आबा बोलत होते आणि माझी नजर गटाच्या नकाशावर होती. नकाशात त्यांच्या गटाच्या पूर्वेला राघूचं रान नव्हतं. पूर्वेला थेट ओढा होता.

“आबा, ओढा कुठं राहिला?”

“वढा राघूच्या पल्याड. वढ्याला त्येचं रान, मग माझा माळ. लहान पोरगं बी सांगंल.”

मला लहान पोराची गरज नव्हती. कळायचं ते कळलं होतं. फार पूर्वी सरकारनं विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले, त्याला एकत्रीकरण म्हणतात. ते झालं टेबलावर. रानात माणसं जिथं कसत होती तिथंच कसत राहिली. काही ठिकाणी दोन शेजाऱ्यांचे नंबर कागदावर उलटे पडले. ओढ्याकडचं जांभळीचं रान दामू आबांच्या नावावर लागलं होतं आणि माळ राघूच्या. क्षेत्र साधारण सारखं. सारा नंबरावर भरायचा, तो जो तो भरत होता. पिढी उलटली तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण दोघांनाही आपलं रान कुठलं याची शंका कधी आलीच नव्हती. ज्याची शंका नाही, ते कागदावर कोण बघतो?

खरं म्हणजे तिथंच हात थांबायला हवा होता. “आबा, आधी मोजणी करून घ्या, राघूला बोलवा, नंबर दुरुस्त करू, मग विका,” एवढंच म्हणायचं होतं. त्या दिवशी राघू आनंदानं आला असता. आबांनीही सही केली असती. दोन शेजारी एका चहात मोकळे झाले असते.

पण गार्डसाहेबांची रजा त्या दिवशी संपत होती. साक्षीदार कवठ्याहून आलेले. आणि माझा एकही दस्त आजवर कचेरीतून परत आला नव्हता, हा माझा मोठा तोरा. नकाशा एक म्हणतो आणि चतुःसीमा दुसरंच म्हणते, असा दस्त पुढं केला असता तर तो परत आला असता, आणि रायटर चुकला असं बाहेर चार टेबलांवर बोललं गेलं असतं. मी आबांना म्हटलं, “नकाशात जरा वेगळं आहे.”

आबा खाली बसत म्हणाले, “आमी अडाणी मानसं. तुमीच काय त्ये नीट करून घ्या.”

मी नीट केलं. आबांनी तोंडानं सांगितलेलं बाजूला ठेवलं आणि लिहिलं: पूर्वेस ओढा. दस्त एका झटक्यात झाला. गार्डसाहेबांनी माळ घेतला, माळावर सीताफळं लावली, सुट्टीला येऊन तिथं बसायला लागले. कागदावर मात्र त्यांनी राघूचं जांभळीचं रान विकत घेतलं होतं. आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं.

लोकांना वाटतं, असं ओझं घेऊन माणूस तळमळत असेल. तसं नसतं. मी दुसऱ्या दिवशी दुसरे दस्त लिहिले. कधी राघू चहाला थांबला की नजर जरा टेबलावर जायची, एवढंच. दामू आबा वारले. मग एकदा गार्डसाहेबांचा मुलगा नितीन माळाला कुंपण घालायला निघाला. कुंपणाआधी मोजणी मागवली. मोजणीवाले आले, नंबर लावला आणि हद्दीचे दगड नेऊन रोवले ते राघूच्या जांभळीच्या रानाभोवती. राघूची विहीर दगडांच्या आत, राघूचं घर दगडांच्या आत.

नितीनला कळायला वेळ लागला नाही. खडकाळ माळ घेतला आणि निघालं विहिरीचं बागायत. घरी बापाला त्यानं एवढंच सांगितलं की शेजाऱ्यानं अतिक्रमण केलंय, मी बघतो. गार्डसाहेब तेव्हा बायकोच्या आजारपणात अडकले होते. त्यांनी मान हलवली. राघूला वकिलाची नोटीस गेली.

राघू नोटीस घेऊन माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. उभाच राहिला.

“रायटर, त्यो खरेदीचा कागद तुमी लिवलाय. मला येवढंच सांगा. म्या चोर हाय का?”

तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, “कागदावर जे आहे ते आहे, राघू. एखादा चांगला वकील बघ.”

तो नोटिशीची घडी टोपीत घालून निघून गेला. मी लिहिण्यात चूक केली ती घाईत. ही दुसरी चूक मी शुद्धीत, स्वच्छ डोक्यानं केली. सांगितलं असतं तर माझे सगळे दस्त लोक उलटून बघायला लागले असते, ही भीती. खरं सांगायचं तर त्या भीतीलाही फार अर्थ नव्हता.

कोर्टात केस लागली आणि चालू राहिली. आमच्याकडं केसा चालूच राहतात. पण राघू थांबला. विहीर आणखी खोल करायचं काम अर्ध्यावर होतं, ते सोडलं. रान कसायचं बायकोवर, हौसाबाईवर टाकून तो पाहुण्यांच्या मेंढरांमागं गेला, बापानं सोडलेल्या वाटेनं, पार कोकणाच्या अंगाला. एका पावसाळ्याआधी मेंढरांचा वाडा परतत असताना रस्त्यातच त्याला ताप भरला आणि तो गेला. मला हे बाजार समितीत कांद्याच्या लिलावात कळलं. कोणीतरी सहज म्हणालं, “जांभळीवाला राघू गेला.” त्याचं रानच त्याचं नाव झालं होतं.

मी टेबल बंद केलं त्यालाही आता काळ झाला. पण सवयीनं कचेरीकडे चहाला जातो. तिथं मागं सलोखा योजनेची चर्चा ऐकली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून जास्त चाललेलं असेल, तर तलाठ्यानं जागेवर पंचनामा करायचा आणि दोघांनी नाममात्र खर्चात अदलाबदलीचा दस्त करून घ्यायचा. मला गंमत वाटली. म्हणजे आमच्यासारखी उलटी पडलेली रानं इतकी होती, की त्यांच्यासाठी योजना काढावी लागली! शेजारी बसलेला एकजण म्हणाला, “ती राघूची हौसाबाई आली व्हती चौकशीला. पर समोरच्याची सही लागती. त्यो कशाला दील?”

त्या आठवड्यात मी दौंडला गेलो. न्हावऱ्याच्या रस्त्यानं, भीमेचा पूल ओलांडून. नितीनकडे गेलो नाही. गार्डसाहेबांकडे गेलो. रेल्वेच्या शिट्ट्या ऐकू येतील अशा अंतरावर त्यांचं घर. थकले होते, पण पाठ ताठ. मला बघून म्हणाले, “अरे, शिरूरचे रायटर! माळ पुन्हा विकायला आणलात की काय?”

मी सांगत गेलो. आबांना उगवतीला तोंड करून उभं केलं तिथपासून, राघूच्या प्रश्नापर्यंत. नितीन दारात येऊन उभा राहिला होता. तोच आधी बोलला.

“रायटर, तुमच्या सांगण्याला काय किंमत? रजिस्टर दस्त आहे. गट आमचा आहे.”

“गट तुमचा आहे,” मी म्हटलं. “पण विकताना दाखवलेली जागा ती नव्हती. चतुःसीमा विचारली तेव्हा तुझे वडील समोर होते.”

गार्डसाहेबांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा.

“नितीन, एखादा माणूस डब्यात येतो. तिकीट दाखवतो, म्हणतो हा सीट नंबर माझा, उठा. नंबर बरोबर असतो. पण गाडीच दुसरी असते. मग बसलेल्याला उठवायचं का?”

“बाबा, ही रेल्वे नाही.”

“नाही. रेल्वेत पुढच्या स्टेशनला उतरता येतं.” ते माझ्याकडे वळले. “मी माळ बघितला. माळ पसंत केला. सीताफळं माळावर लावली. मला विहीर कुणी दाखवली नव्हती, मी मागितली नव्हती. आणि हा मला सांगत होता, शेजारी घुसलाय.”

नितीन खाली बघत म्हणाला, “मलाही मोजणीवाल्यांनीच सांगितलं. तेव्हा हे का नाही बोलले?”

तो चुकीचं विचारत नव्हता.

गार्डसाहेब म्हणाले, “मी सही देतो. पण एक अट. माझ्या सहीआधी तुम्ही त्या बाईंना हे सगळं सांगायचं. मला सांगितलंत तसं, काही न गाळता. सही ही त्यांच्यावर मेहेरबानी आहे असं त्यांना वाटता कामा नये.”

कवठ्याला मी सकाळच्या एसटीनं गेलो. हौसाबाई बराखीसमोर कांदा निवडत बसल्या होत्या. बराखीत वर्षभराचा कांदा साठवतात. सडका आधी बाहेर काढला नाही तर शेजारचा चांगलाही जातो. त्यांनी मला ओळखलं. उठल्या, तांब्या भरून आणला.

“घ्या. हिरीचंच हाय. कुणाची हीर म्हनून लिवलीया तुमी?”

पाणी प्यालो आणि सांगायला सुरुवात केली. त्या ऐकता ऐकता कांदा निवडत राहिल्या. हात एकदाच थांबले, राघू माझ्याकडे आला होता ते सांगताना.

“तवा तुमाला ठावं व्हतं?”

“होतं.”

“आमचं मालक म्हनायचं, चोरीच्या रानात भाकर ग्वाड लागत न्हाई. पोरांचं बी ऐकलं न्हाई. गेलं मेंढरामागं.” त्यांनी एक सडका कांदा लांब फेकला. “कागुद ऱ्हाऊ द्या. कागदाचं काय व्हायचं त्ये झालं असतं. पर तोंडानं येकदा म्हनायचं, राघू, तू चोर न्हाईस. येवढंच ऐकायला शिरूरपातूर आलं व्हतं त्ये.”

मी म्हणालो, “हौसाबाई, मला माफ—”

“ती माझ्याकडं न्हाई,” त्या म्हणाल्या. “ती त्येंच्याकडं व्हती. त्ये घिऊन गेलं. सही कवा हाय, त्ये सांगा.”

तलाठ्यानं पंचनामा केला. दोन्हीकडच्या वकिलांनी केस मिटल्याचं लिहून दिलं. दस्ताच्या दिवशी गार्डसाहेब नितीनचा हात धरून पायऱ्या चढले. हौसाबाई थोरल्या मुलाबरोबर आल्या होत्या, इस्त्रीचं लुगडं नेसून. दस्त मी लिहावा असं गार्डसाहेबांनीच सांगितलं होतं. हौसाबाईंनी नाही म्हटलं नाही. संगणकावर टाइप करणारी मुलगी माझ्या ओळखीची. मजकूर बहुतेक ठरलेला असतो, रिकाम्या जागा भरायच्या. मी बरीच वर्षं सोडलेली रीत त्या दिवशी पुन्हा काढली.

“हौसाबाई, उठा. उगवतीला तोंड करा.”

त्या उठल्या आणि इकडं तिकडं बघायला लागल्या. ती खोली अशी, की खिडक्यांना काळ्या काचा, दिवसाही दिवे. “उगवत कुठंय हितं?” त्यांनी विचारलं. मुलगी गोंधळली. नितीननं खिशातून मोबाईल काढला. हौसाबाई थांबल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात गेल्या, सावल्या बघितल्या, आणि दिशा मनात धरून सरळ आत येऊन लोखंडी कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“समोर कोण?” मी विचारलं.

“वढा.”

“दक्षिणेला?”

“गाडीवाट. आमी जातो ती.”

“उत्तरेला?”

“दामू आबाच्या पोरांचं.”

“मावळतीला?”

त्या मान वळवून मागं बघायला लागल्या. मागं बाकावर गार्डसाहेब बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. केस लागल्यापासून हौसाबाई त्यांना ‘दौंडवाला’ म्हणत, तेही थुंकल्यासारखं, असं गावात सांगायचे.

“मावळतीला गार्डसाहेबांचा माळ,” त्या म्हणाल्या.

गार्डसाहेबांनी मान हलवली. मुलीनं टाइप केलं. त्यांच्या माळाच्या चतुःसीमेत पूर्वेला हौसाबाईंचं रान आलं. दोन कागद एकमेकांना चिकटले. इतक्या दस्तांत असं समोरासमोर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दामू आबांनी पहिल्या दिवशी तोंडानं सांगितलं होतं, तेच.

“झालं?” मी विचारलं.

“न्हाई. हीर ऱ्हायली.”

मी सवयीनं मुलीला सांगायला लागलो, “लिही: सदर मिळकतीतील एक पक्की विहीर, पाण्याच्या हक्कासह...”

हौसाबाई अजून कपाटाकडे तोंड करून उभ्या होत्या. आमच्याकडं त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतात, लग्नाकार्यात, हसत. इतका वेळ त्या ‘मालक’ म्हणत होत्या.

“राघूनं खांदल्याली हीर,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. दस्तात विहीर कोणी खोदली याला जागा नसते, आणि ते मला सांगावंसं वाटलं. मी तोंड उघडलं.

“रायटर,” हौसाबाई म्हणाल्या, “म्या सांगते तसंच लिवा. आता नीट करू नका.”